लाईट आली की पाणी

ब्राह्मणपुरीच्या शेतकऱ्याला पाण्याचं वेळापत्रक तोंडपाठ असतं, कारण ते मुळात विजेचं वेळापत्रक असतं. थ्री फेज आली की मोटर चालू, मोटर चालू की पपईला पाणी. शहादा तालुक्यातल्या वावरात ‘लाईट आली का?’ याचा अर्थ ‘पाणी आलं का?’ असाच होतो. आता समजा, याच गावची सहा पोरं कायाक वल्हवायला शिकली आणि खळाळत्या पाण्यात उतरायची त्यांना हौस आली. त्यांनाही हाच प्रश्न विचारावा लागेल, फक्त उलट्या बाजूने. ती जिथे जातील तिथे कुणीतरी लाईट लावतं, म्हणून नदीला पाणी येतं.

ते ठिकाण रायगड जिल्ह्यातलं कोलाड, आणि नदी कुंडलिका.

पण पोरं घरापासून इतक्या लांब का जावीत? नंदुरबार जिल्ह्याला तापी आहे आणि नर्मदाही आहे. तापी सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बंधाऱ्यांमागे संथ साचलेली. नर्मदेला बडवानीकडे हिरणफाळ नावाचा खळाळ होता, हरीण उडी मारून पार होईल असा. त्या पट्ट्यावर आज सरदार सरोवराचं पाणी आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्यात उसळतात खऱ्या, पण त्यांचा पूर तासांत चढतो, तासांत उतरतो, आणि वाटेत फरशी पूल असतात. फरशीवरून पडणारं पाणी खालच्या अंगाला स्वतःभोवती गुंडाळलं जातं. पृष्ठभागावरचं पाणी मागे, भिंतीकडेच ओढत राहतं. वरून पाहिलं तर जेमतेम कमरेएवढी पायरी दिसते, आणि त्यात सापडलेली होडी किंवा माणूस तिथेच फिरत राहतो. धबधब्यापेक्षा मी या फरशीला जास्त घाबरतो.

म्हणजे आपल्याकडे धरणांनी खळाळ बुडवला. कोलाडला धरणानेच तो दिला.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. पुण्याजवळच्या मुळा नदीवर टाटांनी मुळशीला धरण बांधायला घेतलं आणि 1921 मध्ये बुडणाऱ्या गावांच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यातूनच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. धरण तरीही झालं. 1927 मध्ये सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. मुळेचं पाणी खरं तर मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. त्याला डोंगर पोखरून पश्चिमेकडे वळवलं, सुमारे पाचशे मीटर खाली नळांतून सोडलं आणि चाकांवर आदळून वीज काढली. उरलेलं पाणी कुंडलिकेला मिळालं, तेच पुढे रोह्यावरून रेवदंड्याशी अरबी समुद्रात जातं. देशाच्या एका किनाऱ्याचं पाणी दुसऱ्या किनाऱ्याला! म्हणूनच ऐन मे महिन्यात, आजूबाजूचे ओढे कोरडे पडलेले असताना, कोलाडला नदी दुथडी वाहू शकते.

हे पाणी सोडतात ते विजेच्या गरजेप्रमाणे, बहुधा सकाळी. तेव्हा सहलीचा पहिला नियम असा, की आदल्या संध्याकाळी तिथल्या राफ्टिंगवाल्यांना वेळ विचारायची आणि त्याप्रमाणे निघायचं. खळाळाचा पट्टा साधारण बारा किलोमीटरचा. सोडलेलं पाणी तेवढं अंतर एका क्षणात कापत नाही. वर नदी भरलेली असते तेव्हा खाली अजून खडक उघडे असतात. घाई करून जोरात वल्हवलं तर तुम्ही पाण्याच्याच पुढे निघून जाता आणि दगडांवर बसून त्याची वाट पाहता. उशीर केलात तर शेपटाचं पाणी तुम्हाला मागे टाकून जातं.

खळाळ म्हणजे नेमकं काय, ते घरच्या मोरीत दिसतं. नळाखाली ताट पालथं धरा. धार पडते तिथे पाणी पातळ, गुळगुळीत, वेगाने पसरतं. मग एका वर्तुळावर अचानक जाड होऊन उसळतं. वेगवान उथळ पाणी मंद खोल पाण्याला भेटलं, की ही उडी होते. तीच उडी नदीत खडकाखाली होते, पांढरी, गर्जणारी. समुद्रात लाट पुढे जाते आणि पाणी जागीच वरखाली होतं. नदीत पाणी धावत असतं आणि लाट जागच्या जागी उभी!

खडकाच्या मागे तर आणखी नवल असतं. तिथे पाणी उलटं, उगमाकडे वाहतं. कायाकवाले याला एडी म्हणतात. शिकाऊ माणसाला ही एडी म्हणजे एसटीचा थांबा. खळाळातून निसटून आत शिरायचं, दम घ्यायचा, पुढचं पाणी बघायचं, मगच निघायचं. मात्र दोन प्रवाहांच्या सीमेवर होडी ज्या बाजूला कलवायची ती चुकली, तर क्षणात पालथी. वळणाच्या आतल्या अंगाला कलायचं, सायकलसारखं.

जगभर खळाळांना एक ते सहा अशा इयत्ता देतात. कुंडलिका दुसरी-तिसरीतली. म्हणून शिकाऊंना ती बरी, पण संथ पाण्यात पहिली इयत्ता पक्की हवी. उलटल्यावर होडीच्या तोंडावरचा पडदा ओढून बाहेर निघणं डोळे मिटूनही जमायला हवं. हे शेततळ्यात मात्र शिकू नका. प्लास्टिकच्या अस्तरावरून पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही.

सहा पोरांसोबत नदी ओळखणारे दोघे तरी हवेत. एक सगळ्यांच्या पुढे, दुसरा शेवटी. पुढच्याला कुणी ओलांडायचं नाही, मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवायच्या. वल्हं उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा. शिट्टी तीनदा म्हणजे मदत. आणि बोट कधीच धोक्याकडे दाखवायचं नाही, जायचं त्या बाजूला दाखवायचं. घाबरलेला माणूस बोट जिकडे तिकडेच जातो.

होडीबाहेर फेकले गेलात तर उताणं व्हा, पाय पुढे, तळवे पाण्याच्या वर. उभं राहू नका. गुडघाभर पाणी असलं तरी नाही! एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. दोन दगडांत पाऊल अडकलं तर तेच गुडघाभर पाणी माणसाला तोंडावर दाबून धरतं. पडलेल्या झाडाच्या फांद्याही तशाच. पाणी त्यातून निसटून जातं, माणूस जात नाही. हेल्मेट, लाईफ जॅकेट आणि फेकायचा दोर यांवर वाद घालू नये.

बाकी तयारी किरकोळ. खाली उतरणीच्या जागी एक गाडी आधीच लावून ठेवायची, डबा त्याच गाडीत. बारा किलोमीटर वल्हवल्यावर भाकरी-ठेचा किती लागतो, त्याचा अंदाज घरच्यापेक्षा दुप्पट धरा.

पोरं जेवत असतात तेव्हा वर भिऱ्याच्या बाजूला झडपा उतरलेल्या असतात. सकाळी ज्या लाटेने दोघांना पालथं केलं, तिथला काळा खडक हळूहळू वर येतो, उन्हात वाळतो, आणि त्यावर एक बगळा येऊन बसतो.