खारट पाण्यातील चिवट जीव

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याच्या पाचपट खारट पाण्यात बहुतेक जीव तग धरू शकत नाहीत. ‘अफॅनोथीसी हॅलोफायटिका’ हा नीलहरित जीवाणू मात्र अशा पाण्यातही सूर्यप्रकाशाच्या साह्याने आपले अन्न तयार करतो. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकसारख्या सरोवरांत तो आढळतो.

खारट परिसर पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. ते टिकवण्यासाठी हा जीवाणू ग्लायसीन बीटेन नावाचे निरुपद्रवी संयुग पेशीत साठवतो. परंतु एवढ्याने भागत नाही, कारण दुसरा धोका पेशीच्या आतच निर्माण होतो.

क्षारांच्या ताणाने प्रकाशसंश्लेषण मंदावते. सूर्यप्रकाश मात्र येतच राहतो. अशा वेळी वापराविना उरलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड तयार होतो. त्यापासून उद्भवणारे क्रियाशील घटक प्रथिने, पेशीपटल आणि डीएनए यांना इजा करतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. पुढे कॅटलेज त्याचे विघटन करून पाणी व ऑक्सिजन वेगळे करते.

साखरेच्या विघटनात मिथिलग्लायऑक्झल हे आणखी एक विष तयार होते आणि ताणाच्या काळात ते वाढते. ग्लायऑक्झलेज विकरांची जोडी ग्लुटाथायोनच्या मदतीने त्याचे लॅक्टिक आम्ल बनवते. ग्लुटाथायोन शेवटी पुन्हा मोकळे होते व नव्याने कामी येते. सजीवांमधील ही व्यवस्था १९१३ पासून ज्ञात आहे.

या संशोधनाचे महत्त्व शेतीसाठी मोठे आहे. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी, कोकणातील खारजमिनी आणि विदर्भातील खारपाणपट्टा यांचा प्रश्न जुनाच आहे. मोहरी व भातातील ग्लायऑक्झलेजची जनुके तंबाखूत घातल्यावर ती रोपे खारट परिस्थितीतही फुलली आणि त्यांनी रुजणारे बी धरले, असे दिल्लीतील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवले. २००५ मध्ये अफॅनोथीसीची बीटेन बनवणारी जनुके मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत घालण्यात आली. तिचीही सहनशक्ती वाढली.

प्रयोगशाळेतील रोप आणि शेतातील पीक यांत अंतर असतेच. शेतात क्षारांच्या जोडीला उष्णता, पाणथळपणा आणि रोगही असतात. त्यामुळे एखाद्या जनुकाने प्रश्न सुटेल, असे मानता येणार नाही. पाणी टिकवणे आणि विष निपटणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधणारे वाण तयार करावे लागेल. खारट सरोवरातील हा सूक्ष्म जीव ती दोन्ही कामे मुळातच साधत आला आहे.