दुसऱ्यांदा हात का ठेवावा लागला?

येशूने एका आंधळ्याला दृष्टी दिली, पण पहिल्या खेपेला ती अर्धवटच आली. मार्कच्या शुभवर्तमानातली (८:२२-२६) ही बेथसैदाची गोष्ट. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? त्याला माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा कुठे स्वच्छ दिसतं.

‘विश्वास हळूहळू वाढतो’ असा याचा अर्थ प्रवचनात ऐकला असेल. तो चूक नाही. पण प्रबंधात एवढंच लिहिलंत तर मार्गदर्शक विचारणारच: हे मजकुरात कुठे आहे?

त्यासाठी ही गोष्ट कुठे ठेवली आहे ते पाहा. जरा मागेपुढे वाचा. आधी नावेत येशू शिष्यांना विचारतो, डोळे असून दिसत नाही का? (८:१८). गोष्टीनंतर लगेच पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस (८:२९). दिसलं की त्याला! पण येशू स्वतःच्या दुःखसहनाबद्दल बोलताच तोच पेत्र त्याला दटावतो. म्हणजे त्यालाही अजून झाडंच दिसतायत. पुढे आणखी दोनदा येशू आपलं मरण सांगतो, शिष्यांना ते उमगत नाही, आणि हा भाग संपतो तो दुसऱ्या आंधळ्यावर, यरीहोच्या बार्तीमयावर. दृष्टी मिळताच तो येशूमागे यरुशलेमच्या, म्हणजे क्रुसाच्या, वाटेला लागतो. म्हणून माझ्या मते, मार्कच्या लेखी अर्धी दृष्टी म्हणजे क्रूस वगळून पाहिलेला ख्रिस्त.

आता एक इशारा. मार्क आधीचा, हे बहुतेक अभ्यासक धरून चालतात. त्यावरून ‘पहिला प्रयत्न फसल्यासारखा वाटतो म्हणून मत्तय आणि लूक यांनी ही गोष्ट गाळली’ असं वाक्य तुम्हाला भेटेल. उचलू नका. लूकमध्ये मार्क ६:४५ ते ८:२६ हा सगळा पट्टाच नाही, तेव्हा त्याचा पुरावा लंगडा. मत्तयने आजूबाजूचं घेऊन एवढंच सोडलं, हे खरं. पण मार्क ७ मधल्या बहिऱ्याची गोष्टही त्याने घेतली नाही, तिथे सामान्य वर्णन दिलं. तो बहिरा तर एकाच खेपेत बरा झाला होता! दोन्हींत समान काय? माणसाला बाजूला नेणं आणि थुंकी. मला थुंकीचं कारण जास्त पटतं. तरी माझ्या टिपणात त्या वाक्याआधी ‘कदाचित’ आहे, आणि ते मी अजून खोडलेलं नाही.