तीन गोळ्यांची साक्ष

आमच्यासारख्या निवृत्त शाळामास्तराच्या लेखणींतून बंदुकीचा विषय उतरावा, हें पाहून कित्येक वाचकांस, विशेषतः भगिनीवर्गास, नवल वाटेल. परंतु येथें विषय मृगयेचा नसून प्रमाणाचा आहे. डोळ्यांनीं पाहिलें म्हणून जें आपण खरें मानतों, तें कितपत भरंवशाचें, हा तर्कशास्त्रांतला जुनाच प्रश्न मला अमेरिकेंतील एका शेतकऱ्याच्या कोठींत नव्यानें भेटला. त्याची हकीकत सांगावयाची आहे.

माझी कन्या पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत असते. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत मी तिच्याकडे चार महिने होतों. तिच्या घरालगत एका सत्तरी उलटलेल्या शेतकऱ्याची जमीन आहे. तींत तो सोयाबीन आणि गुरांसाठीं गवत करतो. त्याचा वैरी ग्राउंडहॉग. हा प्राणी खारीच्या कुळांतला, पण वजनानें दोन ते सहा किलो. हिवाळाभर बिळांत निजतो आणि उन्हाळाभर खातो. कोवळें सोयाबीन त्यास विशेष प्रिय. पिकाच्या नासाडीहूनहि त्याच्या बिळांचें भय अधिक. गवतांत झांकलेल्या तोंडांत गुराचा पाय पडून मोडतो, यंत्राचें चाक फसतें. गंमत अशी कीं, याच प्रांतांतल्या पंक्सुटॉनी गांवीं १८८७ सालापासून दर २ फेब्रुवारीस याच प्राण्याकडून थंडी अजून किती उरली याचें भविष्य वदवितात! एके ठिकाणीं ज्योतिष्याचा मान, दुसऱ्या ठिकाणीं गोळी.

"कुंपण कां घालीत नाहीं?" असें मीं पहिल्याच भेटींत विचारलें. त्यानें मला परसांतली भाजीची बाग दाखविली. तिच्याभोंवतीं तारेची जाळी होती व ती जमिनींतहि फूटभर पुरलेली होती. बागेस हें साधतें, चाळीस एकरांस साधत नाहीं, एवढेंच तो म्हणाला. मारणें मला रुचलें नाहीं व आजहि रुचत नाहीं. परंतु ज्याचें पीक जातें त्यास घाटावर बसून उपदेश करणें मला शोभलें नसतें.

त्याच्याजवळची रायफल लहान तोंडाची होती. या जातीच्या काडतुसांचा इतिहास फार जुना नाहीं. १९३० सालीं विंचेस्टर कंपनीनें 'हॉर्नेट' बाजारांत आणलें. १९३५ सालीं तिनेंच 'स्विफ्ट' काढलें, त्याची गोळी सेकंदास ४,००० फुटांहून अधिक वेगानें सुटे. पुढें १९५० सालीं रेमिंग्टन कंपनीच्या माइक वॉकर या तज्ज्ञानें रचलेलें ०.२२२ इंची काडतूस आलें आणि नेमबाजीच्या चढाओढींत त्यानें पुष्कळ वर्षें बाजी मारली. आमच्या शेतकऱ्याची रायफल याच काडतुसाची. गोळीचा व्यास पावणेसहा मिलिमीटरांहूनहि किंचित् कमी, वजन ५० ग्रेन. जुन्या मापानें १८० ग्रेनांचा तोळा होतो व तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून थोडासा अधिक. ही सत्तावीस गुंजांची गोळी सेकंदास सुमारें ३,१०० फूट वेगानें निघते. नळीच्या आंत मळसूत्रासारखे आटे असतात व त्यांचा एक वेढा चौदा इंचांत पुरा होतो. सबब बाहेर पडतांना ती सेकंदास अडीच हजारांहून अधिक गिरक्या घेत असते. त्रैराशिक येणाऱ्या मुलानें हा हिशेब अवश्य करून पाहावा.

तो काडतुसें विकत न घेतां स्वतःच भरीत असे. त्याचें एक कारण काटकसर: काडतुसांत सर्वांत महाग वस्तु म्हणजे पितळी पुंगळी, ती गोळी सुटल्यावर शिल्लक राहते व पुष्कळ वेळां कामास येते. दुसरें कारण असें कीं, बाजारचें काडतूस सर्व बंदुकींसाठीं मिळून केलेलें असतें. आणि प्रत्येक नळीची प्रकृति निराळी. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रविषयक कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतुसें तयार करणें हा गुन्हा आहे, हें येथेंच सांगून टाकतों, नाहींतर एखादा उत्साही चिरंजीव अडगळीची खोली धुंडाळावयास लागेल.)

त्याची ती कोठी म्हणजे एखाद्या सोनाराचें दुकानच. वापरलेली पुंगळी स्फोटाच्या दाबानें फुगलेली असते. ती पोलादी सांच्यांत दाबून पूर्वीच्या आकारास आणावयाची, लांबी वाढली असेल तर कातरावयाची, बुडाशीं नवी टोपी बसवावयाची, दारू तोलून ओतावयाची आणि मग गोळी नेमक्या खोलीवर दाबून बसवावयाची. या खोलीसहि फार महत्त्व. गोळी आट्यांपासून केसभर जवळ असली किंवा दूर असली, तर दाबांत व नेमांत फरक पडतो. दारू तो ग्रेनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत तोली. एका वेळीं मेजावर एकच दारूचा डबा ठेवी, भरलेल्या पुंगळ्यांत दिवा धरून एकेक तपासी, कारण चुकून कमीअधिक भरली गेली तर नळी फुटून डोळा किंवा जीव जावयाचा. छापील कोष्टकांतल्या कमाल आंकड्याच्या पुष्कळ खालून आरंभ करून तो पायरीपायरीनें चढे आणि पुंगळी काढतांना खीळ जड लागली कीं तत्काळ माघार घेई. तोलतांना कोणाशीं बोलत नसे. माझ्या संध्येला एवढें मौन मीं कधीं पाळलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

आतां मुख्य गोष्ट. नेम पारखण्यासाठीं भक्कम मेजावर वाळूच्या पिशव्यांत बंदूक टेकवून १०० वारांवरच्या कागदावर तीन गोळ्या मारावयाच्या. तिन्ही भोंकें जेवढीं जवळ तेवढी ती भरती उत्तम. त्यानें वसंतांत दारूचीं दहा निरनिराळीं वजनें घेऊन प्रत्येकाच्या तीन तीन गोळ्या मारल्या होत्या. एका वजनाचीं भोंकें अर्ध्या इंचांत आलीं. तो कागद चौकट करून त्यानें भिंतीवर टांगला होता आणि त्याच वजनाचीं शंभर काडतुसें भरून ठेविलीं होतीं.

जुलै महिन्यांत एके संध्याकाळीं त्यानें दोनशें वारांवरून एका ग्राउंडहॉगवर गोळी झाडली. प्राणी मेला नाहीं. मागचे पाय ओढीत बिळांत शिरला. म्हातारा अंधार पडेपर्यंत त्या बिळाच्या तोंडाशीं बसून होता. दुसरे दिवशीं मी गेलों तेव्हां तो भिंतीवरल्या त्या कागदाकडे पाहत उभा होता. "ही बंदूक खोटें बोलली, कीं मी?" असें कांहींसें तो म्हणाला. प्रश्न त्यानें मला विचारला नव्हता, तरी मी रात्रभर त्याचाच विचार करीत होतों.

आपल्या शास्त्रकारांनीं स्थालीपुलाकन्याय सांगितला आहे. हंडींतलें एक शीत चेपून पाहिलें म्हणजे सगळा भात शिजला कीं नाहीं तें कळतें. कां कळतें? तर सर्व शितें एकाच पाण्यांत, एकाच आंचेवर शिजत असतात. शितांशितांत फरक असा फारसा नसतोच. गोळ्यांचें तसें नाहीं. प्रत्येक गोळीस स्वतःचा वारा, स्वतःच्या पुंगळीची जाडी, स्वतःच्या दारूची रतिभर भिन्नता आणि झाडणाऱ्याचा स्वतंत्र श्वास लाभतो. तेथें तीन शितांवरून हंडीची परीक्षा होत नाहीं. संख्याशास्त्राचा हिशेब असा आहे कीं, तीन गोळ्यांच्या गटांची सरासरी रुंदी एक इंच भरत असेल, तर त्याच बंदुकीनें व त्याच दारूनें मारलेल्या पांच गोळ्यांची सव्वा इंचाच्या घरांत आणि दहा गोळ्यांची दीड इंचाहून थोडी अधिक भरते. शिवाय तीन तीनांचे गट आपसांत इतके डळमळीत असतात कीं, एकच भरती आज अर्धा इंच दाखवील आणि उद्यां दीड.

ज्यांस हें पटत नसेल त्यांनीं घरांत कवड्या काढाव्या. दहा मुलांस प्रत्येकीं तीनदां टाकावयास सांगून ज्याचें दान सर्वांत मोठें पडेल त्यास दिवाणखान्याच्या भिंतीवर मान द्यावा. मग पुन्हां सगळ्यांस टाकावयास लावावें. पहिला पराक्रमी दुसऱ्या खेपेस बहुधा कोठें तरी मधोमध सांपडेल. आमच्या म्हाताऱ्याची ती चौकट म्हणजे असेंच एक दान. कावळा बसावयास आणि ताडफळ पडावयास गांठ पडली, आणि त्यानें कावळ्यास शंभर काडतुसांचें बक्षीस दिलें! मी हंसलों नाहीं, कारण तीस वर्षें मीं तोंडी परीक्षेंत प्रत्येकीं तीन प्रश्न विचारून मुलांचे अनुक्रम लावले. एका वर्षीं तेवढ्यावरून एका मुलाची नादारी मीं बंद करवली होती; त्याचा चेहरा मला त्या रात्रीं आठवत राहिला.

पुढचा प्रयोग आम्हीं दोघांनीं मिळून ठरविला. जुनी 'उत्तम' भरती व आणखी तीन वजनें, प्रत्येकाचीं वीस वीस काडतुसें. तीं भरल्यावर त्याच्या पत्नीनें खुणेचे अंक घालून मिसळलीं व कोणता अंक कोणत्या वजनाचा तो कागद मैद्याच्या डब्यांत दडवून ठेविला. चार दिवस सकाळीं वारा पडलेला असतांना प्रत्येक अंकाच्या पांच गोळ्या उलटसुलट क्रमानें झाडल्या. मध्यें नळी निवूं दिली. माप घेतांना नुसतीं दोन टोंकांचीं भोंकें न धरतां प्रत्येक भोंक मध्यापासून किती दूर तें मोजलें. दोन भोंकांपेक्षां वीस भोंकांची साक्ष अधिक मोलाची. मैद्याचा डबा उघडला तेव्हां सर्वांत जड भरती जराशी वाईट ठरली, बाकीच्या तिघींत भेद करतां येईना, आणि भिंतीवरची राणी त्या तिघींत निमूट बसलेली होती. तिच्या दहा दहा गोळ्यांचे गट दीड इंचाचे होते. दोनशें वारांवर तेच तीन इंच, आणि त्यांत संध्याकाळचा वारा निराळा. बंदूक खोटें बोलली नव्हती.

मग त्यानें दारूचा नाद सोडून गोळी बदलली. या विषयांत मॅसॅच्युसेट्समधील डॉक्टर फ्रँकलिन मॅन यांचें नांव मोठें आहे. हे गृहस्थ वैद्य. कोंबड्यांच्या खाद्यासाठीं हाडें कातरण्याचें यंत्र काढून त्यांनीं पैसा मिळविला आणि तो व आयुष्याचीं पुष्कळ वर्षें, एकाच नळींतून सुटलेल्या गोळ्या एकाच जागीं कां पडत नाहींत, या प्रश्नापायीं घातलीं. हाताचा दोष नको म्हणून त्यांनीं नळी काँक्रीटच्या खांबावर जखडली व त्या खांबास विनोदानें जिब्राल्टर म्हणूं लागले. गोळीच्या वाटेवर कागदाचे पडदे उभे करून ती कोठें कशी डुलते तें पाहिलें. त्यांचा ग्रंथ १९०९ सालीं निघाला. त्यांनीं मुद्दाम विद्रूप केलेल्या गोळ्याहि झाडल्या; टोंक बिघडलें तर नेम फारसा बिघडत नाहीं, पण बूड जरा तिरकें असलें कीं गोळी भरकटते, असें त्यांस आढळलें. नळीच्या तोंडाशीं वायूचा शेवटचा धक्का बुडावरच बसतो ना! उलगडा न झालेल्या चुकीस त्यांनीं बीजगणितांतल्या अव्यक्ताप्रमाणें 'एक्स' असें नांव देऊन ठेविलें होतें, हें मला फार आवडलें.

दुसऱ्या कारखान्याच्या सपाट बुडाच्या गोळ्या घेऊन आम्हीं तोच सोपस्कार केला. जुनी व नवी, दहा दहा, तीन वेळां. या खेपेस तिन्ही दिवस कौल एकच पडला. नव्या गोळीचे गट एका इंचाच्या आंत आले. बुडाचा हा गुण, असें म्हातारा म्हणे. मला तें संभवनीय वाटलें, सिद्ध नव्हे. त्याच्या पत्नीचें मत पडलें कीं, इतकीं काडतुसें जाळण्यापेक्षां जाळी विकत घेतली असती तर चार एकर तरी झांकले असते. या युक्तिवादास आम्हां दोघांजवळहि उत्तर नव्हतें.

भिंतीवरची चौकट त्यानें उतरविली नाहीं. तिच्या शेजारीं वीस भोंकांचा विस्कटलेला कागद टांचला. नंतर टेंप घेऊन त्यानें शेतांत दीडशें वार मोजले व त्या जागीं पांढऱ्या रंगाचा खुंट ठोकला. माझ्या परतीच्या आदल्या सायंकाळीं आम्ही पडवींत बसलों होतों. खुंटाच्या पलीकडे, ओढ्याच्या कांठीं, एक थोराड ग्राउंडहॉग मागच्या पायांवर उभा राहून सोयाबीन खात होता. म्हाताऱ्यानें दुर्बीण लावली, खुंटाकडे एकदां पाहिलें, आणि बंदुकीची खीळ उघडून काडतूस काढून खिशांत टाकलें. तो प्राणी अंधार पडेपर्यंत खात होता.