स्फोटानंतर इमारत का कोसळते?
अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी शहरात 19 एप्रिल 1995 रोजी सकाळी मर्रा फेडरल इमारतीसमोर उभ्या केलेल्या ट्रकमधला बॉम्ब फुटला आणि 168 माणसं मृत्युमुखी पडली. बॉम्बची ताकद सुमारे 1,800 किलो टीएनटीइतकी होती. नंतर अभियंत्यांनी हिशेब मांडला, तेव्हा नऊमजली इमारतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी 42 टक्के भाग उद्ध्वस्त झाल्याचं दिसलं. पण स्फोटाने थेट उडवलेला भाग जेमतेम 4 टक्के होता. उरलेला सगळा इमारतीच्या स्वतःच्या वजनाने खाली आणला. स्फोटाची संगणकीय प्रतिकृती तयार करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा, असं मला वाटतं. त्यांचं लक्ष बहुधा धडाक्यावर असतं. माणसं मारतं ते गुरुत्वाकर्षण.

मर्रा इमारतीची अडचण दर्शनी बाजूला होती. वरच्या मजल्यांवर दर सहा मीटरला खांब होता. तळाशी मात्र प्रवेश मोकळा दिसावा म्हणून बारा मीटरला एकच ठेवलेला. मधले खांब तिसऱ्या मजल्याच्या पातळीवरच्या एका दणकट तुळईवर टेकवले होते. ट्रकजवळच्या खांबाचा स्फोटाने चुरा केला, शेजारचे दोन त्या धक्क्याने कापले गेले, आणि तुळईखालचा आधार गेल्यावर वरचे मजले एकापाठोपाठ एक आले. आपल्याकडे ‘फ्लोटिंग कॉलम’ म्हणतात, तो याच जातीचा प्रकार. तळमजल्यावर पार्किंगसाठी जागा काढताना तो सर्रास वापरला जातो.

संगणक हे कसं दाखवतो? इमारतीचे हजारो-लाखो लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचा ताण सेकंदाच्या लक्षांश भागाएवढ्या टप्प्यांनी मोजला जातो. स्फोटाचा दाब काही मिलिसेकंदांत ओसरतो, कोसळणं काही सेकंद चालतं. म्हणजे एकाच गणितात दोन वेगळ्या गतींची घड्याळं चालवावी लागतात. शिवाय साइटवरच्या काँक्रीटचा क्यूब प्रयोगशाळेत सावकाश दाबून फोडतात, पण स्फोटाच्या वेगाने भार आला की तेच काँक्रीट अधिक ताकद दाखवतं. हा फरक गणितात घातला नाही तर उत्तर भलतंच येतं.

यावर पहिला आक्षेप असा की बॉम्ब केवढा आणि कुठे, हेच ठाऊक नसताना हे गणित कशाच्या जोरावर मांडायचं? आक्षेप रास्त आहे. बैरूत बंदरात 4 ऑगस्ट 2020 रोजी झालेला स्फोट असंख्य मोबाइलमध्ये टिपला गेला, तरी त्या चित्रफितींवरून शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काढलेला अंदाज अर्धा किलोटन होता आणि वरची मर्यादा 1.12 किलोटन, म्हणजे दुपटीहून जास्त. घडून गेलेल्या स्फोटाची ही गत, तर न घडलेल्याचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत देणाऱ्या अहवालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पण बॉम्ब बाजूला ठेवूनही प्रतिकृती कामाची ठरते. एक खांब काढून टाकायचा आणि त्याचा भार शेजारचे पेलतात का, एवढंच पाहायचं. तो खांब कशाने गेला याच्याशी देणंघेणं नाही. 1968 मध्ये लंडनच्या रोनन पॉइंट या बावीसमजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि एका कोपऱ्यातले मजले वरपासून खालपर्यंत ढासळले. तिथे कोणी घातपाती नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: खरा बॉम्ब एकच खांब मोजून काढत नाही. मर्रामध्ये तीन गेले. मात्र त्यांतले दोन वाचण्यासारखे होते. भूकंपप्रवण भागात खांबांना कमी अंतरावर रिंगा घालतात, त्यांचे हुक आतल्या काँक्रीटमध्ये वळवतात, तुळईतले गज आधारावरून अखंड नेतात. मर्रा इमारत त्या काळच्या नियमांप्रमाणेच बांधलेली होती, पण ओक्लाहोमात भूकंपाची भीती कमी, म्हणून ही काळजी घेण्याचं बंधन नव्हतं. ती घेतली असती तर नुकसान 50 ते 80 टक्क्यांनी घटलं असतं, असा तपास अहवालाचा निष्कर्ष आहे. भारतात अशा बांधणीसाठी आयएस 13920 हे मानक आहे. कागदावर ते असतंच. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी रिंगेचा हुक 90 अंशांत वळवलाय की 135 अंशांत, हे कोणी वाकून पाहिलंय का, ते मात्र कुठल्याही प्रतिकृतीत दिसत नाही.