गाडी मैंदर्गीला आली, गंज थांबेल का?

समजा, मुंबईत पंचवीस वर्षे वापरलेली एक प्रीमियर पद्मिनी तिच्या मालकाने निवृत्तीनंतर आपल्या गावी, अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीला आणली. दारांच्या खालच्या कडांना आणि चाकांवरच्या पत्र्याला रंगाचे फोड आले आहेत. पण मालक निर्धास्त आहे. त्याचे म्हणणे असे : लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. मुंबईत समुद्र होता, दमट हवा होती. इथे पाऊस तिकडच्या निम्माही नाही. तेव्हा गंज आता आपोआप थांबेल.

हा प्रश्न वर्गात मांडून पाहा. पाठ्यपुस्तकातली व्याख्या पाठ असलेली मुले बहुधा मालकाचीच बाजू घेतील. आणि मालकाची चूक नेमकी कुठे होते, हे शोधताना गंजाचे बरेच विज्ञान हाती लागेल.

गाडीबरोबर मीठही आले

पावसाळ्यात खडे मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक घरात माहीत असते. शुद्ध सोडियम क्लोराइडला पाणी सुटायला हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के असावी लागते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावा खेचू लागते.

स्वच्छ लोखंडाचा पत्रा साधारण ६० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत फारसा गंजत नाही. मिठाचा अंश असलेल्या पत्र्याला मात्र ही सवलत नाही. मुंबईच्या वाऱ्याने आणलेले क्षार पत्र्याच्या सांध्यांत आणि गंजाच्या सच्छिद्र थरात जाऊन बसलेले असतात. मैंदर्गीच्या कोरड्या हवेतही रात्रीचा गारवा आणि पहाटेचे दव त्यांना पुरते. शिवाय गंजण्याच्या क्रियेत क्लोराइड खर्च होत नाही. ते तिथेच राहून पुन्हा पुन्हा कामाला येते. म्हणजे गाव बदलले, तरी गंजाचे बियाणे गाडीबरोबरच आले.

थेंबाच्या मध्यभागी काय होते?

१९२० च्या दशकात केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी एक साधा प्रयोग केला. लोखंडाच्या घासलेल्या पत्र्यावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबात पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फिनॉल्फथॅलिन असे दोन दर्शक होते. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा झाला, कडा गुलाबी झाली आणि दोहोंच्या मधे तांबूस गंजाचे कडे उमटले.

याचा अर्थ काय? कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पोचतो. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होतात व पाण्यात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांना घेऊन हायड्रॉक्सिल आयन बनवतात. थेंब म्हणजे एक छोटासा विद्युत्‌घटच!

येथे मुलांना थांबवून विचारा : लोखंड जास्त कुठे झिजले? ऑक्सिजन भरपूर होता तिथे नव्हे, तर तो कमी होता तिथे. म्हणूनच गाडीत सर्वांत वाईट गंज उघड्या छपरावर सहसा सापडत नाही. तो दाराच्या दुमडलेल्या कडेत, रबरी पट्टीखाली, मडगार्डमागे साचलेल्या चिखलात, रंगाच्या फोडाखाली असतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे तो रंगाला आतून उचलतो, म्हणून फोड दिसतो. फोड दिसला याचा अर्थ खाली काम बराच काळ चालू आहे.

वरवरचा रंग का धोक्याचा?

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० ची जी आवृत्ती बनू लागली, तिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सीही निवृत्त झाली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा. दारांखालचा लांब पोकळ उंबरठा गाडीचा भार पेलतो. तो आतून कुजला आणि वरून लांबी भरून रंग मारला, तर गाडी नवी दिसेल, पण धडकेत तिचे बळ उरणार नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने एक लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जिथे पकड अचानक सैल होते, तिथे लांबीचा जाड थर असण्याची शक्यता असते.

दुरुस्तीचा क्रमही याच विज्ञानातून ठरतो. सुटा गंज खरवडून काढावा. मग तो भाग स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवावा, म्हणजे मीठ निघते. हीच पायरी बहुधा गाळली जाते. पूर्ण वाळवून पत्रा चकाकेपर्यंत घासावा. भोक पडले असेल, तर कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा; मात्र जवळ पेट्रोलची टाकी नसल्याची खात्री करावी. त्यानंतर प्रायमर, गरजेपुरतीच लांबी आणि शेवटी रंग. उघडी राहिलेली लांबी ओलावा शोषते, हे विसरू नये. पोकळ भागांत आतून मेणाचा किंवा तेलाचा थर द्यावा आणि तळाची पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवावीत.

लोखंडच टाळले तर? १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची छोटी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार बनली. तिचे कवच फायबरग्लासचे असल्याने त्याला गंजाची भीती नाही. पण बोल्ट, बिजागऱ्या, चाकांजवळचे भाग पोलादाचेच. तिथे वरचीच सारी काळजी लागू पडते.

वर्गात करून पाहा

जस्ताचा मुलामा नसलेले तीन खिळे पॉलिश पेपरने घासा. एक तसाच ठेवा. दुसरा खडे मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा. तिसराही तसाच बुडवून वाळवा, पण नंतर साध्या पाण्याने चार-पाचदा धुऊन पुन्हा कोरडा करा. एका बरणीच्या तळाशी मिठाचे संपृक्त द्रावण ठेवा. अशा बंद बरणीत आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. द्रावणाला न टेकतील असे तिन्ही खिळे दोऱ्याने टांगा, झाकण घट्ट लावा आणि आठवडाभर रोज नोंद करा. बरणीत पाण्याचा एक थेंबही खिळ्यांवर पडलेला नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

आता मालकाकडे परत येऊ. मैंदर्गीत गंजाचा वेग कमी होईल, पण गंज थांबणार नाही. तरीही कोरड्या हवेचा एक फायदा त्याला नक्की आहे. एप्रिल-मे महिन्यांत धुतलेला पत्रा इथे खडखडीत वाळतो. तेव्हा फोड उघडून काम करायची वेळ तीच, पाऊस येण्यापूर्वी. आणि ताडपत्री टाकून गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवणार असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारा : ताडपत्रीखालचा ओलावा जाणार कुठे?