होतकरू चढाईपटूची पारख

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे कयाधू नदीच्या काठचे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रभर परिचित आहे. वारकरी संतांच्या रचनांत हुतूतू आणि हमामा या खेळांवरील रूपके आढळतात. तेव्हा आज ज्यास कबड्डी म्हणतात तो खेळ या भूमीस नवखा नव्हे. नरसीसारख्या खेड्यात हा खेळ रुजण्याचे कारणही उघड आहे. त्यास चेंडू लागत नाही, दांडू लागत नाही. जमिनीवर चार रेषा आखल्या आणि दोन बाजूंना सात-सात गडी जमले की खेळ उभा राहतो. अशा खेड्यांतील मुले शालेय स्पर्धांसाठी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी एकत्र येतात, तेव्हा निवड करणाऱ्यांपुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो : चौदा-पंधरा वर्षांच्या या मुलांपैकी पुढे उत्तम चढाईपटू कोण होईल? उत्तर बहुधा वजनकाट्यावरून, उंचीच्या पट्टीवरून आणि गुणफलकावरून दिले जाते. हे उत्तर अपुरे आणि पुष्कळदा चुकीचे का ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम चढाईचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा, आणि मध्यरेषेपासून ६.५ मीटरवर अंतिम रेषा. दोन्ही बाजूंचे १ मीटरचे राखीव क्षेत्र स्पर्श अथवा झटापट झाल्यावरच खेळात धरले जाते. तोवर चढाईपटूस वापरावयास मिळणारी रुंदी आठच मीटर. एवढ्या जागेत सात प्रतिस्पर्धी उभे असतात आणि त्यांच्यात एकट्याने, तोंडाने ‘कबड्डी’चा दम अखंड ठेवीत, ३० सेकंदांच्या आत जाऊन परत यावयाचे असते. कोणास स्पर्श झाला नाही तरी निदान रेषा एकदा ओलांडावीच लागते. न ओलांडता परतणारा बाद होतो.

म्हणजे चढाईपटूस सरळ धावण्यास जास्तीत जास्त साडेसहा मीटर मिळतात. शंभर मीटरच्या शर्यतीतील वेगाचा येथे फारसा उपयोग नाही, कारण तो वेग येण्यापूर्वीच मैदान संपते. तरीही शाळाशाळांतून चढाईपटू निवडताना प्रथम धावण्याच्या शर्यतीतील विजेत्यांकडे बोट दाखविले जाते.

याच जातीची चूक दूरदेशीच्या एका खेळातही झालेली आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘रनिंग बॅक’ नावाचा खेळाडू चेंडू छातीशी धरून अकरा प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून वाट काढतो. कबड्डीच्या चढाईपटूचा तो एक प्रकारे भाऊबंदच. त्या देशात या खेळाडूंची परीक्षा करताना ४० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ३६.६ मीटरच्या, धावेस मोठे महत्त्व दिले जाते. एमिट स्मिथ हा खेळाडू उंचीने बेताचा आणि घड्याळाच्या मापाने सामान्य मानला गेला. १९९० सालच्या निवडीत सोळा जणांची नावे पुकारली गेल्यानंतर त्याचे नाव आले. त्याने २००४ पर्यंतच्या कारकीर्दीत चेंडू घेऊन धावत १८,३५५ यार्ड कमावले, आणि तो विक्रम अद्याप अबाधित आहे. फट पडण्यापूर्वी ती कोठे पडणार हे ओळखणे, पाय आवरून क्षणभर थांबणे आणि फट दिसताच निसटणे, या गोष्टी घड्याळाने मोजता येत नाहीत, आणि त्याची थोरवी त्यांतच होती.

कबड्डीतील चढाईकडे पुन्हा वळू. चांगल्या चढाईपटूच्या अंगी प्रथम पाहावयाचे ते त्याचे पाऊल. निष्णात चढाईपटू बचावफळीसमोर हालचाल करताना लहान पावले टाकतो; गुडघे किंचित वाकलेले, टाच जमिनीवर न टेकलेली, आणि शरीराचा भार दोन पावलांमधील आधारक्षेत्राच्या आत. शरीराचा गुरुत्वमध्य खाली असेल व भार कोणत्याही एका पायावर पुरता गेलेला नसेल, तर दिशा बदलण्यास क्षण पुरतो. ज्या मुलाचे पाऊल लांब पडते तो वेगवान दिसतो. पण लांब टाकलेल्या पावलावर भार आला की ते पाऊल पुन्हा उचलीपर्यंत तो परस्वाधीन होतो. कोपरारक्षक नेमक्या त्याच क्षणाची वाट पाहत असतो, आणि घोट्याची पकड पडते ती अशाच पावलावर.

यानंतर हुलकावणी. डावीकडे खांदा झुकवून उजवीकडे पाय टाकणे ही कृती पोरखेळ वाटते. परंतु तिच्या मुळाशी मानवी मज्जासंस्थेचा एक नियम आहे. डोळ्यांना काही दिसल्यापासून स्नायू हलण्यास सुमारे एकपंचमांश सेकंद लागतो. एका इशाऱ्यास प्रतिसाद सुरू झाला असताना लगोलग दुसरा इशारा आला, तर दुसऱ्यास उत्तर देण्यास नेहमीहून अधिक वेळ लागतो. मानसशास्त्रज्ञ टेलफर्ड याने १९३१ साली हा विलंब नोंदविला. हुलकावणी म्हणजे या विलंबाचा लाभ उठविणे होय. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली हालचाल खरी वाटली पाहिजे, म्हणजे रक्षकाचा प्रतिसाद सुरू झाला पाहिजे. आणि दुसरी त्या प्रतिसादाच्या पोटातच आली पाहिजे. फार लवकर आली तर पहिली कोणी मानीतच नाही, उशिरा आली तर रक्षक सावरलेला असतो. होतकरू मुलांत असे पुष्कळ आढळतात की जे पाच-सहा हुलकावण्या एकापाठोपाठ देतात आणि प्रेक्षकांची वाहवा मिळवितात, पण एकाही हुलकावणीवर रक्षकाचा पाय हललेला नसतो. त्या नाचाचे मोल शून्य. पारख करणाऱ्याने म्हणूनच चढाईपटूकडे न पाहता समोरच्या रक्षकाच्या पायांकडे पाहावे.

तिसरा गुण दृष्टीचा, आणि तो सर्वांत दुर्मीळ. सात रक्षक एका रांगेत उभे नसतात. दोन टोकांस कोपरारक्षक, त्यांच्या लगत व मध्ये इतर, आणि बहुधा हातात हात घालून साखळी केलेली. चढाईपटू एका कोपऱ्याकडे सरकला की साखळी वळते, दुसऱ्या कोपऱ्याचा गडी पुढे येऊन परतीची वाट अडवू पाहतो. ज्याची नजर केवळ पुढच्या एका गड्यावर खिळते त्यास हा घेर दिसत नाही. इतर खेळांत चित्रफीत मध्येच थांबवून पुढे काय होईल हे खेळाडूंना विचारण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांत अनुभवी खेळाडू नवख्यांहून आधीच्या खुणांवरून अचूक अंदाज करतात, असे पुनःपुन्हा दिसून आले आहे. त्या खुणा बहुधा कंबर, खांदे व भार यांच्या असतात. ही दृष्टी उपजत असते असे समजण्याचे कारण नाही. ती पुष्कळ खेळून, पुष्कळ वेळा पकडले जाऊन येते, आणि म्हणूनच पंधराव्या वर्षी ती अर्धीच असणार.

स्पर्श हा चढाईचा शेवट मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. प्रत्यक्षात तेथे चढाईचा अवघड भाग सुरू होतो. स्पर्श होताच राखीव क्षेत्र खुले होते, सातही गडी एकदम तुटून पडतात, आणि मध्यरेषा चार-पाच मीटर मागे असते. उत्तम चढाईपटूने स्पर्श करण्यापूर्वीच परतीची वाट ठरविलेली असते. त्याची पाठ कोपऱ्याकडे पूर्ण वळलेली नसते, व स्पर्श करणारा हात अथवा पाय मागे येतो तोच त्याचे धड मध्यरेषेकडे वळू लागते. पकड पडलीच तर तो पकडीच्या विरुद्ध न झगडता तिच्यासह रेषेकडे कोसळतो, कारण हाताचे एक बोट जरी रेषेपलीकडे टेकले तरी त्यास धरलेले सारे गडी बाद होतात. प्रदीप नरवाल याची ‘डुबकी’ हा याच परतीचा नमुना आहे : पुढे आलेल्या साखळीच्या हातांखालून खाली वाकून निसटणे. २०१७ सालच्या प्रो कबड्डीच्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण मिळविले.

गुणफलकाविषयी येथेच सांगितले पाहिजे. फलकावर बोनसचा एक गुण आणि स्पर्शाचा एक गुण सारखेच दिसतात. परंतु बोनस रेषा ओलांडून मिळणारा गुण समोर किमान सहा गडी असतानाच मिळतो, आणि त्याने आपला बाद झालेला गडी परत येत नाही. स्पर्शाने प्रतिपक्षाचा एक गडी जातो व आपला एक येतो. म्हणजे मैदानावरील बलाबल दोन गड्यांनी पालटते. संघाचे दोनच गडी शिल्लक असताना मिळविलेला एक स्पर्श हा सुरुवातीच्या चार बोनस गुणांहून मोलाचा असू शकतो. निवडीच्या वेळी केवळ एकूण गुणांची बेरीज करणे म्हणजे बाजारात सर्व नाणी संख्येने मोजण्यासारखे आहे.

दम आणि धीर यांचा निर्देश थोडक्यात पुरे. पूर्वी चढाईचा काळ दमानेच ठरत असे. आता तो घड्याळाने ठरतो. तरीही दम उच्चारीत राहिल्याने श्वास घेण्यास मोकळीक राहत नाही, आणि एकाच सामन्यात वारंवार चढाई करणाऱ्याचे निर्णय अखेरच्या काही मिनिटांत ढासळतात. अनुप कुमार हा फार चपळ मानला गेला नाही. पण सामन्याच्या कोणत्याही टप्प्यावर त्याची मुद्रा व पाऊल बदलत नसे. २०१५ साली यू मुंबा संघाने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळविले आणि २०१६ साली भारताने अहमदाबाद येथे विश्वचषक जिंकला, दोन्ही त्याच्याच नेतृत्वाखाली.

अंगबळास स्थान नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई हा धिप्पाड चढाईपटू. दोन-तीन गड्यांस ओढीत रेषा गाठण्याच्या त्याच्या शैलीवर खूश होऊन २०१९ सालच्या लिलावात त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले गेले. परंतु ते बळ प्रौढ शरीराचे होते. चौदाव्या वर्षीच्या बळाची गोष्ट निराळी.

मुलांची उंची वाढण्याचा सर्वांत वेगवान काळ सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. पण कोणास तो बाराव्या वर्षी येतो, कोणास सोळाव्या. ज्याची वाढ लवकर झाली तो आपल्या वयोगटात राक्षसासारखा भासतो, पकडी तोडून परततो, गुण मिळवितो व निवडला जातो. चार वर्षांनी इतरांची वाढ झाली की त्याचे श्रेष्ठत्व ओसरते, कारण पाऊल, हुलकावणी व दृष्टी शिकण्याची त्यास गरजच पडलेली नसते. उलट जो उशिरा वाढला त्याने लहान शरीराने टिकण्यासाठी हे सर्व आत्मसात केलेले असते. परंतु तोवर कोणी त्यास निवडलेले नसते आणि बहुधा त्याने खेळ सोडलेला असतो. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीच्या गावांत ही हानी अधिक होते. अपुऱ्या पोषणाने वाढ लांबते. शिवाय अनेक कुटुंबे दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडणीस बाहेर पडतात, मुलेही त्यांच्याबरोबर जातात, आणि सरावात खंड पडतो. एका वर्षी न दिसलेला मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा पाहण्याची तरतूद निवडीत असली पाहिजे.

किशोर व कुमार गटांत वजनाची मर्यादा असते, आणि तिच्यामुळे एक घातक प्रथा वाढते. वजन करण्याच्या आदल्या दिवशी मुलास उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, जाड कपडे घालून पळविणे असे उपाय केले जातात. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांइतके पाणी घटले तरी कार्यक्षमता उतरते, हे शारीरक्रियाशास्त्रात सुस्थापित आहे. वाढत्या वयात त्याचे दुष्परिणाम केवळ एका सामन्यापुरते राहत नाहीत. ज्या मुलास मर्यादेत बसविण्यासाठी उपाशी ठेवावे लागते, त्यास वरच्या गटात खेळविणे हाच मार्ग होय. तेथे तो हरेल, पण शिकेल.

राहिला मैदानाचा प्रश्न. नरसीच्या परिसरातील काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर खेळलेली मुले आपोआप जपून पाऊल टाकावयास शिकतात. राज्य व राष्ट्रीय स्पर्धा आता बहुतांशी मॅटवर होतात. मॅटवर बूट घालून पाऊल घट्ट रोवले जाते. मातीवर वळताना पाय थोडा घसरतो व गुडघ्यावरील पीळ सुटतो, मॅटवर तो सुटत नाही. मातीवरच्या सवयीने तेथे झटकन वळणाऱ्या मुलाचा गुडघा दुखावण्याचा धोका असतो, आणि गुडघ्यातील अस्थिबंध तुटला तर हंगामच वाया जातो. यास्तव गावाकडील मुलास मॅटवर प्रथम उभे करताना पहिले काही दिवस सामना न देता केवळ वळणे, थांबणे व उडी मारून उतरणे यांचा सराव द्यावा. उतरताना गुडघा आत वळतो की काय, हे बाजूने नव्हे तर समोरून पाहावे लागते.

प्रत्यक्ष निवडीच्या वेळी आणखी एक सोपी कसोटी उपयोगी पडते. बहुतेक मुले एकाच बाजूस वळून परततात. उजव्या बाजूने शिरणारा उजवीकडूनच निघतो. अशा मुलास चार चढाया त्याच्या नावडत्या बाजूने करावयास लावाव्यात. पहिल्या तीन बहुधा फसतात. चौथ्या वेळी तो आधीच्याच चुका पुन्हा करतो, की अर्ध्या वाटेत थांबून कोपऱ्यावरच्या गड्याकडे नव्याने पाहतो, हे टिपून ठेवावे.