ट्रान्स पुरुष : चरबी उतरवायची, स्नायू राखायचे

टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत ट्रान्स पुरुषाचे वजन बहुधा वाढते. भूक वाढते, अंगात थोडे पाणी धरते आणि पुढे स्नायूही भरू लागतात. काटा वर गेलेला पाहून अनेक जण जेवण तोडतात, आणि इथेच घात होतो. स्नायू बांधायला शरीर तयार झालेले असते, पण त्याला माल मिळत नाही.

हे संप्रेरक चरबी किंवा स्नायू यांपैकी काहीही होऊ शकणाऱ्या मूळ पेशींना स्नायूंच्या वाटेला लावते. नवी चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटावर बसू लागते. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चरबीची ही फेरमांडणी पहिल्या सहा महिन्यांत सुरू होते, स्नायू आणि ताकद सहा ते बारा महिन्यांत वाढू लागतात. पूर्ण परिणाम दिसायला दोन ते पाच वर्षे जातात. आधीची चरबी मात्र आपोआप जात नाही. ती उतरते ती खाण्यापेक्षा खर्च जास्त झाला तरच. प्रौढ वयात कटीच्या हाडांची रुंदी बदलत नाही, म्हणून अंगकाठी बदलायची ती खांदे आणि पाठ रुंद करून.

पोटाच्या चरबीबाबत भारतीयांनी जास्तच जागरूक असावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा कमरेला लावलेली टेप अधिक खरे सांगते.

उष्मांकांचा हिशेब करताना एक अडचण येते. विश्रांतीत लागणारे उष्मांक काढणाऱ्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रात पुरुष आणि स्त्री यांच्या आकड्यांत रोज १६६ किलोकॅलरींचा फरक पडतो. उपचार नवे असताना मधला आकडा धरावा, त्यात दिवसभराच्या हालचालीचा खर्च मिळवावा, मग त्यातून ३०० ते ४०० वजा करावेत आणि दोन-तीन आठवड्यांचा कल पाहून तो सुधारावा. यापेक्षा मोठी कपात केली की चरबीबरोबर स्नायूही जातात. पाळी थांबावी म्हणून उपाशी राहणे तर फार धोक्याचे: त्याने हाडे ठिसूळ होतात. पाळी थांबवण्याचे वैद्यकीय उपाय आहेत. ते डॉक्टरांकडे मोकळेपणाने मागावेत.

कपातीच्या काळात प्रथिने वाढवावी लागतात. आयसीएमआरची सर्वसाधारण शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वजने उचलणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९६. दोन अंड्यांतून १२, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून सुमारे २६, शंभर ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅम मिळतात. उरलेला भाग मटकीची उसळ, दही, भाकरी किंवा बांगडा भरून काढतो. नुसत्या वरणभातावर हा आकडा गाठणे कठीण.

व्यायामात भर वजने उचलण्यावर हवा, चालणे-धावणे त्याच्या जोडीला. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग, ओव्हरहेड प्रेस आणि पुलअप पुरतात. जिम परवडत नसेल तर जोर-बैठका आणि पाठीवरची भरलेली सॅक. संप्रेरके न घेणाऱ्यांनाही याचा फायदा होतो, फक्त वेग कमी असतो. घेणाऱ्यांनी उलट हात आखडता ठेवावा. स्नायूंची ताकद झपाट्याने वाढते, स्नायूबंध मागे राहतात, आणि खांदा दुखावतो तो इथेच. वजन थोडे-थोडेच वाढवावे.

छाती आवळणारा बाइंडर घालून जोरदार व्यायाम करू नये. बरगड्या दबतात, श्वास पुरत नाही. घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल टी-शर्ट चालतो. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवडे जड काही उचलायचे नसते. पुन्हा सुरुवात सर्जनने परवानगी दिल्यावरच.

टेस्टोस्टेरॉनमुळे रक्त दाट होऊ शकते आणि चांगले कोलेस्टेरॉल घटू शकते. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, तपासतात, लिपिड प्रोफाइलही अधूनमधून करतात. ताकद लवकर यावी म्हणून डोस स्वतःच वाढवला तर हाच धोका वाढतो.